बंडाला पैसा पुरवला, हरला, आणि तरी सरकारकडूनच वसुली केली: गॅझवे लामारची गोष्ट सोप्या भाषेत

रशियाचे साधारण तीनशे अब्ज डॉलर पाश्चात्य देशांनी २०२२ पासून गोठवून ठेवलेत आणि दर थोड्या दिवसांनी बातमी येते, त्या पैशाचं करायचं काय. आपल्याकडे १९६८ चा शत्रू संपत्ती कायदा आहेच, त्याच्या केसेस अजून कोर्टात चालू आहेत. हे वाचताना सगळ्यांना एकच प्रश्न पडतो: युद्धात जप्त केलेला माल नंतर मालकाला परत मिळतो का? आणि मालक उघड उघड शत्रूच्या बाजूचा असेल तर?

याचं सगळ्यात डोकं फिरवणारं उत्तर मला सापडलं ते एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत. जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात एक व्यापारी होता, गॅझवे बग लामार. नाव खरंच असंच आहे. लामार घराण्याला अचाट नावं ठेवायची हौसच होती, त्याच्या चुलत भावंडांत एक मिराबो बोनापार्ट लामार होता जो पुढे टेक्सास स्वतंत्र देश असताना त्याचा राष्ट्राध्यक्ष झाला. तर या गॅझवेने अमेरिकन सरकारविरुद्धच्या बंडाला, म्हणजे १८६१-६५ च्या यादवी युद्धात दक्षिणेतल्या फुटीर राज्यांना, बंदुका मिळवून दिल्या, नोटा छापून दिल्या, नाकेबंदी तोडणारी जहाजं चालवली, आणि बंड हरल्यावर त्याच सरकारच्या तिजोरीतून साडेपाच लाख डॉलरच्या वर रक्कम मंजूर करून घेतली. हे कायद्यात बसलं कसं ते समजून घेऊ.

आधी ह्युगेनॉट म्हणजे कोण

फ्रान्समधले प्रोटेस्टंट ख्रिश्चन म्हणजे ह्युगेनॉट. देश कॅथलिक, हे अल्पसंख्य. १५९८ च्या फर्मानाने त्यांना धर्म पाळायची मुभा मिळाली होती, ती चौदाव्या लुईने १६८५ मध्ये काढून घेतली आणि मग दोनेक लाख लोक देश सोडून गेले, हॉलंड, इंग्लंड, जर्मनी, आणि काही थेट अमेरिकेत. बरेचसे कारागीर, विणकर, व्यापारी. जिथे गेले तिथे धंद्यात पुढे आले अशी त्यांची ख्याती.

लामार घराणं स्वतःला याच मुळाचं मानायचं. पण हे लोक १६६० च्या दशकातच मेरीलँडमध्ये पोचले होते, म्हणजे ती मोठी हकालपट्टी व्हायच्या बऱ्याच आधी, त्यामुळे "राजाने हाकललं म्हणून आले" ही कहाणी यांना जशीच्या तशी लागू होत नाही. तिथून पिढ्यांमागून पिढ्या खाली सरकत जॉर्जियात आले आणि १७९८ मध्ये ऑगस्टा शहराजवळ गॅझवे जन्मला. गंमत म्हणजे त्याचं दुसरं लग्नही अशाच घरात झालं, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाचे काझनोव्ह, जिनिव्हातून आलेलं ह्युगेनॉट व्यापारी कुटुंब.

कापसाचा धंदा चालायचा कसा

आतल्या भागात मोठमोठे मळे, तिथे गुलाम माणसं कापूस पिकवणार, तो नदीने खाली बंदरात यायचा आणि बंदरात बसलेला अडत्या तो विकून द्यायचा, मळेवाल्याला उचल द्यायचा, गाठी लिव्हरपूलला किंवा न्यूयॉर्कला रवाना करायचा. आपल्या बाजार समितीतला अडत्या माहितेय त्यांना हे वेगळं सांगायला नको. लामार सव्हानात हेच करायचा, शिवाय बँक, गोदाम, जहाज, जिथे म्हणून कमिशन सुटतं तिथे त्याचा हात. स्वतः गुलामांचा मालकही होताच.

त्याची अडचण होती नदी. सव्हाना नदी ऑगस्टापर्यंत उथळ, बुडालेल्या झाडांचे बुंधे पाण्यात, लाकडी बोटी जड आणि त्यांची बुडं फाटायची. लामारने इंग्लंडमध्ये बर्कनहेडच्या लेअर्ड कारखान्यातून लोखंडी बोट बनवून घेतली, सुट्या भागांत जहाजातून मागवली आणि सव्हानात जुळवली. १८३४ ची ही 'जॉन रँडॉल्फ', अमेरिकेतली धंद्यात खऱ्या अर्थाने चाललेली पहिली लोखंडी आगबोट मानतात. आणि हा गडी इतका बेरकी की मागवायच्या भागांवर जकात लागू नये म्हणून त्याने थेट काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, अर्ज केला होता. कायदा आडवा आला तर कायदेवाल्यांनाच जाऊन भेटायचं, ही सवय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुलास्की

१४ जून १८३८. सव्हानाहून चार्ल्सटनमार्गे बाल्टिमोरला निघालेली 'पुलास्की' आगबोट, जिच्या कंपनीत लामारचे स्वतःचे शेअर होते. बोटीवर त्याची बायको जेन, सहा मुलं, बहीण रेबेका. रात्री अकराच्या सुमाराला नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात उजव्या बाजूचा बॉयलर फुटला, बोट तुकडे होऊन बुडाली. शंभराच्या वर माणसं गेली. वाचलेले लोक डेकच्या फळ्यांवर, मोडक्या तुकड्यांवर, ऊन खात पाण्यावाचून दिवसचे दिवस तरंगत होते. लामारची बायको गेली, सहापैकी पाच मुलं गेली. तो, बहीण, आणि थोरला चार्ल्स, वय चौदा, एवढेच उरले.

हा चार्ल्स म्हणजे वेगळंच प्रकरण. १८२५ मध्ये लाफायेत, तोच अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला फ्रेंच सेनानी, सव्हानाला आला तेव्हा याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून उभा राहिला होता. अशा पोराने १८५८ मध्ये 'वाँडरर' नावाच्या नौकेतून आफ्रिकेतून चारशेहून जास्त माणसं चोरून आणून जॉर्जियाच्या जेकिल बेटावर उतरवली. बाहेरून गुलाम आणण्यावर १८०८ पासून बंदी होती. बापाला हे उद्योग अजिबात पटत नव्हते, त्याने खरमरीत पत्रं लिहिली, त्यापेक्षा चंद्रावर मोहीम काढ या धर्तीवर. पण गैरसमज नको, बापाचा आक्षेप समुद्रापलीकडून माणसं पळवून आणण्याला होता, घरच्या गुलामगिरीवर तर त्याचा सगळा धंदा उभा होता.

वॉल स्ट्रीटवर बसून दक्षिणेची कामं

१८४० च्या दशकात लामार न्यूयॉर्कला गेला आणि १८५१ मध्ये बँक ऑफ द रिपब्लिक काढून तिचा अध्यक्ष झाला. दक्षिणेतला कापूसवाला वॉल स्ट्रीटवर बँकर, यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, कारण कापूस दक्षिणेचा असला तरी पैसा, विमा, जहाजं सगळं न्यूयॉर्कचं. उत्तर म्हणजे गुलामगिरीविरोधी आणि दक्षिण म्हणजे गुलामगिरीवाली अशी सरळ रेघ आपण शाळेत शिकतो, ती बँकांच्या वह्यांत कुठेच दिसत नाही.

मग नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून आला, दक्षिणेतली राज्यं फुटायच्या गोष्टी करू लागली. त्याच महिन्यात लामारने अमेरिकेच्या युद्धखात्याकडून दहा हजार बंदुका विकत घेतल्या, अडीच डॉलरला एक, दक्षिणेतल्या राज्यांसाठी. युद्धमंत्री फ्लॉइड हाही दक्षिणेचाच, त्याने विकल्या. माल कुठून उचलला? न्यूयॉर्क राज्यातल्या सरकारी वॉटरव्लीट शस्त्रागारातून. पुढे फुटीर राज्यांनी कॉन्फेडरेट सरकार बनवलं, त्यांना नोटा हव्या होत्या आणि चांगला छापखाना नव्हता, तर अर्थमंत्री मेमिंजरने लामारला सांगितलं आणि लामारने त्या न्यूयॉर्कच्या नॅशनल बँक नोट कंपनीकडून छापून घेतल्या. म्हणजे बंडाच्या पहिल्या नोटा, ज्यांच्याविरुद्ध बंड त्यांच्याच शहरात छापल्या गेल्या.

१८६१ मध्ये तो सव्हानाला परतला.

नाकेबंदी, आणि त्यात आपली मुंबई

नाकेबंदी म्हणजे शत्रूच्या बंदरांसमोर आपली लढाऊ जहाजं उभी करून ये-जा बंद करणं. लिंकनने एप्रिल १८६१ मध्ये ती पुकारली आणि कापूस अडकला. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस तर हवाच, मग सगळ्यांच्या नजरा मुंबईकडे वळल्या. वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मुंबईत पैसा इतका आला की ठेवायचा कुठे कळेना, बॅक बेच्या भरावाच्या कंपनीचे शेअर, रोज नवी बँक, आणि सगळ्याच्या मधोमध कापूस आणि शेअरचा बडा दलाल प्रेमचंद रायचंद. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, १ जुलैच्या सौद्यांच्या फेडीला मुंबई बुडाली. आपल्याकडे ती शेअर मॅनिया म्हणून माहीत आहे. प्रेमचंदला ज्या बातमीची धास्ती होती तीच बातमी लामारलाही नको होती, दोघांचा भाव एकाच नाकेबंदीवर चढलेला.

फरक एवढाच की लामारला ती नाकेबंदी तोडून पैसे मिळवायचे होते. १८६३ मध्ये त्याने इंपोर्टिंग अँड एक्स्पोर्टिंग कंपनी ऑफ जॉर्जिया काढली. वेगवान, बुटकी, अंधारात न दिसणारी आगबोट घ्यायची, रात्री नॉर्थ कॅरोलायनाच्या विल्मिंग्टनमधून कापूस भरून बर्म्युडा किंवा नासाऊला सटकायचं, येताना चामडं, कापड, औषधं, हत्यारं. पकडली गेली तर जहाज गेलं, पण सुटली तर नफा असा की एवढा धोका परवडायचा.

यात एक मजा झाली. कॉन्फेडरेट सरकारने १८६४ मध्ये नियम केला की अशा जहाजांतली अर्धी जागा सरकारी मालाला द्या. म्हणजे देशभक्ती म्हणून धंदा करत होतात ना, मग करा आता देशसेवा. लामारच्या कंपनीने काय केलं, जॉर्जियाचा गव्हर्नर ब्राउन याच्याशी करार करून जहाजं राज्य सरकारने भाड्याने घेतली असं दाखवलं, कारण राज्याच्या जहाजांना तो नियम लागू नाही असा ब्राउनचा दावा. रिचमंडला बसलेलं कॉन्फेडरेट सरकार नुसतं चडफडत राहिलं. मला विचाराल तर लामारची निष्ठा यापेक्षा स्पष्ट कुठेच दिसत नाही: ती त्याच्या मालावर होती.

डिसेंबर १८६४: गाठी आणि खुणा

लिंकनच्या फौजेच्या जनरल शर्मनने २१ डिसेंबर १८६४ ला सव्हाना घेतलं आणि लिंकनला तार केली की नाताळची भेट म्हणून सव्हाना शहर, दीडशे तोफा आणि साधारण पंचवीस हजार गाठी कापूस स्वीकारावा. त्यात लामारचाही कापूस होता.

आता नीट लक्ष द्या, कारण पुढची सगळी केस या गाठींवर आहे. प्रत्येक गाठीवर मालकाची खूण, नंबर रंगवलेला असायचा. शर्मन आपल्या आठवणींत सांगतो की त्याने त्या खुणा जपायला लावल्या होत्या म्हणजे कोर्टाला कोणती गाठ कुणाची ते कळेल. पण युद्धमंत्री स्टँटन जानेवारीत सव्हानाला आला आणि त्याने सगळ्या खुणा पुसायचा हुकूम दिला. कापूस न्यूयॉर्कला गेला, लिलावात विकला, पैसे तिजोरीत जमा.

मग कायदा काय म्हणत होता?

१८६३ चा कायदा होता, बंडखोर भागात ताब्यात घेतलेल्या आणि बेवारस सोडलेल्या मालमत्तेचा. त्याचं सूत्र असं: सरकार माल उचलणार, विकणार, पैसे जमा करणार. पण मालकाने युद्ध संपल्यापासून दोन वर्षांत कोर्ट ऑफ क्लेम्समध्ये, म्हणजे सरकारवर पैशाचा दावा लावायच्या खास कोर्टात, जाऊन तीन गोष्टी सिद्ध केल्या तर विक्रीचे पैसे खर्च वजा करून त्याला परत. एक, माल माझा होता. दोन, विक्रीचे पैसे मला मिळायला हवेत. तीन, मी बंडाला कधीही मदत केली नाही.

समजा टोइंगवाल्यांनी तुमची गाडी उचलली आणि नेऊन लिलावात विकूनही टाकली. आता गाडी मागू शकत नाही, पण आरसी बुक दाखवून लिलावाचे पैसे मागू शकता. फक्त इथे त्यांनी नंबरप्लेट आणि चासी नंबर दोन्ही घासून टाकलेत, आणि वर म्हणतायत की तुम्ही आयुष्यात कधी सिग्नल तोडला नाही हेही सिद्ध करा.

"पण तिसरी अट तर लामार कधीच पूर्ण करू शकत नाही"

बरोबर. दहा हजार बंदुका घेणारा माणूस "मी बंडाला मदत केली नाही" कोणत्या तोंडाने म्हणणार? इथे उपयोगी पडली माफी. लिंकनने डिसेंबर १८६३ मध्ये जाहीर केलं होतं की जो बंडखोर अमेरिकेशी एकनिष्ठेची शपथ घेईल त्याला पूर्ण माफी आणि मालमत्तेचे हक्क परत, गुलाम सोडून. लामारने जानेवारी १८६५ मध्ये, शर्मनची फौज शहरात असतानाच, ती शपथ घेऊन टाकली. वेळ बघा. मे १८६५ मध्ये नवीन राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने स्वतःची माफी जाहीर केली तेव्हा त्यातून वीस हजार डॉलरपेक्षा जास्त मालमत्तेचे बंडखोर वगळले, त्यांनी वेगळा अर्ज करायचा. लामार चार महिने आधीच उरकून बसला होता.

मग पुढची पायरी सुप्रीम कोर्टाने रचली. १८७० मध्ये सव्हानाच्याच पॅडलफोर्ड नावाच्या माणसाच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं, माफी मिळाली म्हणजे गुन्हा पुसला गेला, तेव्हा कायद्याच्या नजरेत तो माणूस निष्ठावंतच. तिसरी अट खल्लास. काँग्रेसला हे इतकं झोंबलं की त्यांनी माफी हा पुरावा मानू नये असा कायदा केला, आणि १८७२ मध्ये क्लाइन केसमध्ये कोर्टाने तोही उडवला: माफीचा परिणाम काय हे काँग्रेस ठरवू शकत नाही. ही केस अमेरिकन लॉ कॉलेजांत आजही शिकवतात.

"मग त्याला सहज मिळाले का पैसे?"

सहज कसले. १८६५ मध्ये त्याला पकडून वॉशिंग्टनच्या ओल्ड कॅपिटल जेलमध्ये टाकलं. सुटला, पुन्हा पकडला, आरोप असा की सरकारी ताब्यातला कापूस सोडवायला अधिकाऱ्याला लाच द्यायचा प्रयत्न केला. लष्करी कोर्टाने दोषी ठरवून कैद आणि दंड सुनावला. त्याचं म्हणणं शेवटपर्यंत एकच, माझाच कापूस मी कसा चोरणार. शिक्षा प्रत्यक्षात भोगावी लागली नाही, जॉन्सनने आडकाठी घातली. एप्रिल १८६५ मध्ये, युद्ध जवळजवळ संपलेलं असताना, चार्ल्स जॉर्जियातल्या कोलंबसच्या लढाईत मारला गेला. पुलास्कीतून वाचलेला एकुलता एक मुलगा.

पण म्हातारा दावे लावतच राहिला. कोर्ट ऑफ क्लेम्समध्ये शेवटी ती साडेपाच लाखांवरची रक्कम मंजूर झाली. दुसऱ्या काही कापसासाठी त्याने सरकारच्या तिजोरी-एजंटवर वैयक्तिक दावा ठोकला होता, ती केस सुप्रीम कोर्टात १८७६ मध्ये हरली: युद्धात पकडलेला कापूस आहे, भांडायचं तर कोर्ट ऑफ क्लेम्समध्ये भांडा, अधिकाऱ्याच्या मागे लागू नका. तोवर लामार नव्हता, ऑक्टोबर १८७४ मध्ये न्यूयॉर्कला वारला.

"आणि कापूस ज्यांनी वेचला त्यांचं काय?"

१६ जानेवारी १८६५ ला, त्याच सव्हानात, लामार शपथ घेत होता त्याच महिन्यात, शर्मनने एक हुकूम काढला: किनारपट्टीची जमीन गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांना, प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत. लोक जमिनीवर गेले, पेरणीही केली. जॉन्सनने वर्ष संपायच्या आत तो फिरवला आणि जमिनी माफी मिळालेल्या जुन्या मालकांना परत दिल्या. म्हणजे माफीचा तोच कागद, एकाला कापसाचे पैसे देतो आणि दुसऱ्याच्या पायाखालची जमीन काढून घेतो. लामारच्या गाठी कुणी वेचल्या हा प्रश्न त्या दाव्यांत कुठे येतच नाही, कारण कायद्याने विचारलेल्या तीन प्रश्नांत तो नव्हता.

लामारने मृत्युपत्रात ऑगस्टा आणि सव्हानातल्या कृष्णवर्णीयांच्या हॉस्पिटलसाठी पैसे ठेवले. पश्चात्ताप म्हणा, उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणा, किंवा सरकारकडून आलेल्या रकमेचं काय करायचं याचं उत्तर म्हणा. मला त्याच्या मनातलं सांगता येणार नाही, पण त्या माणसांना मजुरी म्हणून काही देणं लागतो असं त्याने हयातीत कोणत्या कोर्टात म्हटलं नाही एवढं खरं.

"थोडक्यात तो सगळीकडे जिंकलाच की!"

नाही. कापसाच्या गाठी वस्तू होत्या म्हणून वाचल्या. कॉन्फेडरेट नोटा आणि रोखे यांची मात्र रद्दी झाली, आणि १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने तर लिहूनच टाकलं की बंडासाठी काढलेलं कर्ज कुणीही फेडायचं नाही, सोडलेल्या गुलामांची भरपाईही कुणाला द्यायची नाही.

यातच तो मेल्यावर अडकला. युद्धाआधी न्यूयॉर्कच्या एका कोर्टाने त्याला सव्हानातल्या एका वारलेल्या माणसाच्या लहान मुलींचा पालक नेमलं होतं, म्हणजे त्यांचा वारसाहक्काचा पैसा सांभाळायचा आणि वाढवायचा. युद्धात त्याने त्यातला काही पैसा कॉन्फेडरेट रोख्यांत घातला. हिशोब मागितला गेला आणि १८८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने लामार विरुद्ध मिकू या केसमध्ये निकाल दिला: सव्हानाच्या बँकांच्या शेअरमध्ये घातलेल्या पैशाचं योग्य-अयोग्य जॉर्जियाच्या कायद्याप्रमाणे ठरेल, कारण मुली मूळच्या तिथल्या. पण बंडखोर सरकारच्या रोख्यांत घातलेला पैसा बेकायदाच, कोणत्याही राज्याचा कायदा किंवा हुकूम त्याला वाचवू शकत नाही, तेवढ्याची भरपाई पालकाकडून. पालक दहा वर्षांपूर्वीच गेला होता, तेव्हा ती जबाबदारी त्याच्या इस्टेटीवर आली.

राष्ट्राध्यक्षाची माफी इथे कामाला आली नाही. ती सरकार आणि लामार यांच्यातली होती, मुलींचा पैसा मुलींचा होता.